मनोऱ्याचा कल: खोदकामाशेजारच्या मोजमापाच्या प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर

मनोरा ५२ मीटर उंच. पायाशी ७ मीटर चौरस, आतून पोकळ, तळाच्या भिंती दीड मीटर जाड, चुन्यातलं दगडी बांधकाम. पूर्वेला १८ मीटरवर तळघरासाठी १४ मीटर खोल खोदकाम होणार आहे. मनोरा मुळातच नैर्ऋत्येला झुकलेला आहे, माथ्याशी साधारण १४० मिमी. तो जुना कल आपला विषय नाही. खोदकामामुळे त्यात काय भर पडते ते सांगायचं, आणि वेळेत सांगायचं.

डिझाइनकडून आलेल्या मर्यादा: कलातला बदल १:४००० झाला की पिवळा इशारा, १:२००० झाला की लाल, म्हणजे काम बंद. कोनात मांडलं तर ५२ आणि १०३ सेकंद. माथ्याच्या सरकण्यात १३ आणि २६ मिमी. (या वहीत कलाचा सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. एक मीटर लांबीवर एक मिमी उतार म्हणजे २०६ सेकंद.)

कागदावर एक गोष्ट सुटली आहे. कल नेमका कुठला? पाया फिरला तर अख्खा मनोरा फिरतो. तळाला, मध्यावर, माथ्याला कोन सारखाच येतो. मनोरा वाकला तर तळाचा कोन शून्याच्या आसपास राहतो आणि माथ्याचा सगळ्यात जास्त असतो. एकसारखा वाकला, तर माथ्याचा कोन सरासरी कलाच्या दुप्पट भरतो. म्हणजे माथ्यावरच्या एकट्या टिल्टमीटरला (कल मोजणाऱ्या पेटीला) १:४००० ची मर्यादा लावली तर पाया जागचा न हलताही इशारा वाजेल. मेल टाकला: पायाच्या फिरण्याला आणि पूर्ण उंचीच्या सरासरी कलाला मर्यादा वेगवेगळ्या द्या.

अक्ष ठरवून टाकले. अ म्हणजे पूर्व, खोदकामाकडे, धन. ब म्हणजे उत्तर, धन. प्रत्येक उपकरण याच अक्षांवर बसणार. "नंतर गणितात फिरवून घेऊ" असं कुणी म्हणालं तर त्यालाच फिरवायला बसवायचं.

१८ नोव्हेंबर

ओळंबा टांगला. वर ४९ मीटरवर दगडात पक्क्या केलेल्या पोलादी बाकाला एक मिमीची स्टेनलेस स्टीलची तार, खाली ३ मीटरवर वाचनाचं टेबल, त्याच्याखाली २० किलोचं वजन तेलाच्या टाकीत. टेबलापर्यंत तारेची लांबी ४६ मीटर. मधल्या लाकडी मजल्यांना भोकं पाडून त्यात १५० मिमीचे पाइप बसवले, म्हणजे वाऱ्याचा झोत आणि कोळ्यांची जाळी तारेपासून लांब राहतील.

वजन अडकवल्यावर तार सहा सेमी ताणली गेली. गणितानेही तेवढंच येतं. तेल भरायच्या आधी तिला झोका देऊन घड्याळ लावलं: एका येरझाऱ्याला साडेतेरा सेकंदांच्या किंचित वर. ४६ मीटरच्या लंबकाला १३.६ लागायला हवेत. म्हणजे तार वरपासून खालपर्यंत मोकळी आहे, कुठल्याही मजल्यावर टेकलेली नाही. या तपासणीला पाच मिनिटं लागतात, आणि ती न करता तेल भरलेले ओळंबे मी पाहिले आहेत.

उन्हाळ्यात तार आणखी सात-आठ मिमी लांबेल, पण त्यामुळे वजन फक्त खाली जाईल. आडवं वाचन तसंच राहील. ओळंब्याचं मोठेपण यातच आहे. त्याला शून्य चुकवणारं सर्किट नाही, त्याचा संदर्भ थेट गुरुत्वाकर्षण. पिसाच्या मनोऱ्यातही १९३४ साली असाच लंबक टांगला गेला, इलेक्ट्रॉनिक सेन्सरांच्या कितीतरी आधी.

२२ नोव्हेंबर

टिल्टमीटर तीन पातळ्यांवर: ३, २६ आणि ४९ मीटर. दोन अक्षांचे मेम्स (चिपवर कोरलेले) सेन्सर. आत सिलिकॉनचं सूक्ष्म वजन असतं. पेटी झुकली की गुरुत्वाचा जो अंश त्या अक्षावर येतो तो ते मोजतं. एक सेकंद कल म्हणजे गुरुत्वाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम पाच भाग. एवढं बारीक मोजणारा सेन्सर आपण चार बोल्टांवर आणि एका वाकवलेल्या पट्टीवर टांगतो, आणि मग सगळी चर्चा सेन्सरच्या माहितीपत्रकावर करतो.

ब्रॅकेट १०० मिमीचा आहे. त्याचं एक टोक मिमीच्या शंभराव्या भागाइतकं हललं तरी २० सेकंदांचा कल दिसतो. म्हणून आज दिवस गेला तो भिंतीवर. मिस्त्री हातोडीने ठोकत वर चढत होते. २६ मीटरवर ज्या जागी खूण केली होती तिथे थांबले. "इथं बद्द वाजतंय साहेब. गिलावा सुटलाय." हाताएवढा गिलावा काढला, मागे दगड पक्का, पण सांध्यातला चुना भुसभुशीत. ब्रॅकेट अर्धा फूट वर घेतला, चारही बोल्ट एकाच दगडात येतील असा. सांध्याच्या दोन बाजूंना बोल्ट टाकले असते तर मनोऱ्याचा कल सोडून त्या सांध्याचंच मोजमाप झालं असतं.

बोल्ट सिमेंट ग्राउटमध्ये, म्हणजे पातळ सिमेंटच्या भरावात, बसवले. रासायनिक चिकटवणाऱ्या पदार्थावर माझा विश्वास कमी. तो लवकर पकडतो, पण गरम झाल्यावर मंदपणे सरकतो, आणि ते सरकणं थेट संथ कलासारखं दिसतं.

२८ नोव्हेंबर

पायाभोवती पाणपातळीची चार भांडी, चारही एकाच नळीने जोडलेली. एक कोपरा खचला की तिथल्या भांड्यात पाणी चढतं. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी लावतात, तेच तत्त्व. इथे फक्त तरंगता सेन्सर मिमीच्या शंभरांशांत वाचतो. पूर्व-पश्चिम भांड्यांत ७ मीटर अंतर, तेव्हा १:४००० म्हणजे पावणेदोन मिमीचा फरक. तो या यंत्रणेला सहज दिसेल.

यात दोन शत्रू आहेत. पहिला हवेचा बुडबुडा. त्यासाठी पाणी उकळून गार करून भरलं आणि नळी भरताना एका टोकाने सावकाश चढवली. दुसरा शत्रू तापमान. नळी आडवी असेल तर पाणी गरम झालं तरी पातळी बिघडत नाही. उभा तुकडा असला की बिघडते: ३० सेमी उभ्या नळीचं पाणी एका बाजूला दहा अंशांनी जास्त तापलं तर पातळीत अर्ध्या मिमीहून जास्त खोटा फरक येतो, म्हणजे सात मीटरवर अठरा सेकंद. प्लंबरने दाराच्या उंबऱ्यावरून नळी वर-खाली घेतली होती. उंबऱ्याखालून खाच पाडायला सांगितली. तो कुरकुरला, पण पाडली.

हवेसाठी वेगळी नळी चारही भांड्यांना जोडली आहे. नाहीतर वारा सुटल्यावर एका बाजूच्या भांड्यावर दाब वेगळा येतो.

५ डिसेंबर

मनोरा आणि खोदकाम यांच्यामध्ये इन्क्लिनोमीटरचं (जमीन कुठल्या खोलीवर किती आडवी सरकते ते मोजण्याचं) बोअरहोल ३० मीटर खोल, शेवटचे चार मीटर खडकात. केसिंगच्या, म्हणजे आतल्या नळीच्या, खाचा अ-ब अक्षांना जुळवून ग्राउट केलं. तळ हलत नाही असं धरून वरच्या प्रत्येक अर्ध्या मीटरचा कल मोजायचा आणि बेरीज करत वर यायचं. प्रोब (चाकांवर नळीत उतरणारा कलमापक) एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांनी फिरवून सोडायचा. दोन वाचनांची बेरीज प्रत्येक खोलीवर जवळपास सारखी आली पाहिजे. एखाद्या खोलीवर बेरीज उडाली तर तिथे चाक खाचेतल्या कचऱ्यावर चढलं आहे, ते वाचन परत.

सर्व्हेवाल्या पोराला बजावलं: प्रोब तळाशी पाण्यात दहा मिनिटं स्थिर होऊ द्यायचा, मग वाचन. घाईत घेतलेल्या वाचनात प्रोब स्वतः थंड होत असतो. केबलवरची खूण दर वेळी त्याच कप्पीच्या त्याच कडेला धरायची. नीट काळजी घेऊनही ३० मीटरच्या केसिंगमध्ये एकूण सात-आठ मिमीची अनिश्चितता धरतात. ठराविक प्रकारच्या चुका ओळखून काढल्या तर ती एक-दीड मिमीवर येते. म्हणून नुसता आलेखाचा आकार बघून घाबरायचं नाही आणि निश्चिंतही व्हायचं नाही.

जुन्या दोन भेगांवर क्रॅकमीटर (भेग किती उघडते ते मोजणारे) लावले. व्हायब्रेटिंग वायरचे.

१९ डिसेंबर

सगळं लॉगरवर (वाचनं आपोआप नोंदणाऱ्या यंत्रावर) आलं, दर दहा मिनिटांनी. पहिला आठवडाभराचा आलेख काढला आणि कंत्राटदाराच्या इंजिनिअरचा फोन: "साहेब, तुमचा सेन्सर खराब आहे. रोज हलतोय."

रोज हलतोय तो मनोरा. सकाळी पूर्वेची भिंत तापते, प्रसरण पावते आणि मनोऱ्याला पश्चिमेकडे ढकलते. दुपारी दक्षिणेची भिंत त्याला उत्तरेकडे नेते, संध्याकाळी पश्चिमेची पूर्वेकडे. वरून पाहिलं तर माथा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक छोटं वेटोळं काढतो आणि पहाटेपर्यंत जागेवर येतो. ओळंब्यावर ते वेटोळं तीन-साडेतीन मिमी रुंद आहे. दिवसभराची उष्णता दगडात वीतभरच आत शिरते, नाहीतर ते याच्या कितीतरी पट मोठं झालं असतं.

तिन्ही टिल्टमीटर शेजारी मांडले: माथ्याला दोन्ही बाजूंना १४ सेकंद, मध्याला ७, तळाला एकापेक्षा कमी. उंचीबरोबर सरळ रेषेत वाढणारा कोन, म्हणजे वाकणं, पाया जागेवर. हा आलेख छापून साइट ऑफिसच्या भिंतीला लावायला दिला. पुढे कधीही तिघांचे आकडे आले की आधी हेच विचारायचं: उंचीबरोबर वाढतायत की तिन्ही सारखे?

३ जानेवारी

बैठक. कंत्राटदाराच्या लोकांना खोदकाम आधी सुरू करायचं आहे आणि बेसलाइनचे (कामाआधीच्या मूळ वाचनांचे) दिवस कापायचे आहेत. "सेन्सर लागले, शून्य घेतलं, आता अडचण काय?"

अडचण ही की शून्य एका दिवसाचं नसतं. रोजचं वेटोळं दिसलं, पण त्याच्याखाली ऋतूचा मोठा फेरा आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली असतो, दक्षिणेची भिंत उत्तरेपेक्षा महिनोन्‌महिने उबदार राहते, आणि ही ऊब दगडात पूर्ण जाडीभर मुरते. दोन भिंतींत पाच अंशांचा फरक टिकला तर माथ्याचा कोन साठ सेकंदांपर्यंत जाऊ शकतो, पिवळ्या इशाऱ्याच्याही वर. सुदैवाने हा फेरा ब अक्षावर आहे आणि खोदकाम अ अक्षावर. पूर्व-पश्चिम भिंतींना वर्षभर ऊन जवळपास सारखं मिळतं. म्हणून तडजोड केली: अ अक्षासाठी जानेवारीअखेरपर्यंतची बेसलाइन पुरेशी धरू, ब अक्षाचा इशारा खोदकामासाठी वापरायचा नाही, वर्षभर फक्त नोंद ठेवायची.

त्यांच्या साहेबांनी पिसाचं उदाहरण दिलं, तिथे म्हणे मोजून मोजूनच मनोरा सरळ केला. बरोबर आहे, पण उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तिथली पद्धतशीर मोजमापं १९११ पासूनची. सप्टेंबर १९९५ मध्ये जमीन गोठवण्याच्या कामात मनोरा पुन्हा दक्षिणेकडे जाऊ लागला तेव्हा ते लगेच ओळखता आलं, काम थांबवून उत्तरेकडे वजन म्हणून जास्तीचं शिसं ठेवता आलं, कारण तो एरवी ऋतूप्रमाणे कसा हलतो हे लोकांना पाठ होतं. नंतर उत्तरेकडची माती थोडी थोडी काढून सुमारे अर्धा अंश कल कमी केला, माथ्याला जवळपास ४५ सेमी.

बेसलाइनचे दिवस कापले गेले नाहीत.

१७ जानेवारी

माथ्याच्या टिल्टमीटरवर रोज दुपारी चारच्या सुमारास अ अक्षावर सहा-सात सेकंदांची उडी आणि पाऊण तासाने परत. ढगाळ दिवशी नाही. आलेख मोठा करून पाहिला: चढ इतका तीव्र की कोपरा दिसतो. दीड मीटर जाडीच्या दगडाला असा कोपरा काढता येत नाही. तो तापायला आणि निवायला तास लागतात. म्हणजे हलतंय ते काहीतरी पातळ आहे.

चारला वर जाऊन उभं राहिलो. पश्चिमेच्या झरोक्यातून उन्हाची पट्टी आली, जमिनीवरून सरकत भिंतीवर चढली आणि बरोबर ब्रॅकेटच्या एका पायावर येऊन थांबली. पोलादाला हात लावला तर एक बाजू कोमट, दुसरी गार. झरोक्याला आतून फळी मारली, पेटीवर पांढरा पत्रा दोन बोटं अंतर सोडून बसवला. उद्याचा आलेख बघून ही बाब बंद.

२४ जानेवारी

ओळंबा दोन दिवस अगदी शांत. वाचन दशांश मिमीनेही बदलत नाही आणि टिल्टमीटर मात्र रोजचं वेटोळं काढतायत. तंत्रज्ञ खूश होता, "आता स्थिर झालाय." स्थिर झालेल्या ओळंब्यासारखी संशयास्पद गोष्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी विजेची वायर ओढताना पाइप सरकवला होता. तार त्याच्या कडेला टेकली होती. पाइप मोकळा केला, येरझारा पुन्हा मोजला, १३.६. पाइपांवर खडूने गोल खुणा केल्या.

६ फेब्रुवारी

डायफ्राम भिंत (खोदण्याआधी कडेने जमिनीत ओतलेली काँक्रीटची भिंत) पूर्ण, खोदकाम सुरू.

२० फेब्रुवारी

खोदकाम ५ मीटरवर, पहिली टेकूंची रांग लागली. इन्क्लिनोमीटरमध्ये ६ मीटर खोलीवर ४ मिमीचा फुगवटा, खोदकामाकडे. तळाचे आठ मीटर सरळ रेषेत, म्हणजे खडकातला तळ खरंच स्थिर. मनोरा अ अक्षावर ६ सेकंद, तिन्ही पातळ्यांवर.

यापुढे तुलना फक्त पहाटे पाचच्या वाचनांची. त्या वेळी वेटोळं जवळपास मिटलेलं असतं. दिवसाची सरासरी घेतली तर ढगाळ आणि उन्हाच्या दिवसांत उगाच फरक पडतो. टोटल स्टेशनची (लांबून कोन आणि अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीची) प्रिझम वाचनंही पहाटेच. १२० मीटरवरून एक सेकंदाची चूक म्हणजे सहा दशांश मिमी, ती चालते; दुपारी तापलेल्या जमिनीवरून किरण वाकतो, ते चालत नाही.

११ मार्च

रात्री दीडला कल वाढण्याच्या वेगाचा इशारा. दोन तासांत तिन्ही टिल्टमीटर २१, २३, २२ सेकंद. तिन्ही सारखे, म्हणजे भिंतीवर लावलेल्या त्या आलेखाप्रमाणे पाया फिरला. साइटवरून फोन: "साहेब, काम थांबवू?"

थांबवायला सांगितलं. मग रखवालदार काका आणि तंत्रज्ञ यांना ओळंब्याकडे पाठवलं. पाया २२ सेकंद फिरला असेल तर ४६ मीटरच्या ओळंब्यावर पावणेपाच ते पाच मिमी दिसलेच पाहिजेत. फोनवरून वाचन आलं: कालच्या रात्रीइतकंच. पाणपातळीची भांडी: पाऊण मिमी दिसायला हवा होता, काही नाही. क्रॅकमीटर जागेवर.

मग ब अक्ष उघडला. तिथेही २२. तिन्ही पातळ्यांवर अ आणि ब दोन्ही तेवढेच, म्हणजे मनोरा बरोबर ईशान्येला, ४५ अंशांवर झुकला म्हणायचा. खोदकाम पूर्वेला आहे. जमिनीला इतकं नेमकं ईशान्य कशाला सुचेल? लॉगरची बॅटरी बघितली: चार्जर संध्याकाळपासून बंद, व्होल्टेज किमान मर्यादेच्या खाली. टिल्टमीटरांचा सिग्नल व्होल्टेजमध्ये येतो, पुरवठा घसरला की सगळे एकाच दिशेला घसरतात. व्हायब्रेटिंग वायरचे क्रॅकमीटर मात्र शांत राहिले, कारण तिथे सिग्नल म्हणजे ताणलेल्या तारेची कंपनसंख्या. केबल लांब असो, बॅटरी मंद असो, हर्ट्‌झ तेच राहतात. फ्रान्सच्या आंद्रे कॉइन यांनी १९३० च्या दशकात धरणांच्या काँक्रीटमध्ये या तारा घातल्या त्या याच गुणासाठी.

पावणेचारला काम पुन्हा सुरू. अर्धी रात्र बंद ठेवल्याबद्दल सकाळी तक्रार आली. उत्तर दिलं की ज्या दिवशी तिन्ही यंत्रणा एकच सांगतील त्या दिवशी अर्ध्या रात्रीवर भागणार नाही.

१३ मार्च

चार्जर बदलला, बॅटरीचं व्होल्टेज आता स्वतंत्र वाहिनी म्हणून नोंदलं जातं. एका मोकळ्या वाहिनीवर स्थिर रोधक जोडला. त्याचं वाचन कधीच बदलायला नको. बदललं तर लॉगर खोटं बोलतोय. इशाऱ्याचा नियमही बदलला: टिल्टमीटर एकटे असतील तर संदेश फक्त मला, ओळंबा किंवा पाणपातळी सोबत असेल तरच सगळ्यांना. ओळंब्याला स्वयंचलित वाचक लावायचा प्रस्ताव मंजूर झाला. रात्री काकांना टॉर्च घेऊन पाठवायची वेळ यायला नको होती.

८ एप्रिल

खोदकाम ११ मीटरवर. भूजल उपसा वाढवला आहे. मनोऱ्याजवळच्या पिझोमीटरमध्ये (भूजलाची पातळी दाखवणाऱ्या नळीत) पाणी तीन मीटर खाली गेलं. पाणी उतरलं की मातीच्या कणांवर येणारा दाब वाढतो, मऊ थर दबतो, आणि खोदकामाच्या बाजूला जास्त दबतो.

पहाटेची वाचनं, अ अक्ष: टिल्टमीटर ३३, ३६, ३५ सेकंद. ओळंबा ७.८ मिमी, ४६ मीटरवर म्हणजे ३५ सेकंद. पाणपातळी, पूर्वेचं भांडं पश्चिमेपेक्षा १.२ मिमी खाली, ७ मीटरवर म्हणजे ३५. ब अक्षावर त्या आठवड्यात काही नाही. बॅटरी ठीक, रोधक ठीक. इन्क्लिनोमीटर: वरच्या टोकाला ११ मिमी.

हे खरं आहे. सिलिकॉन, तार आणि पाणी, तिघांचा एकमेकांशी संबंध नाही आणि तिघांची चूक होण्याची कारणंही वेगळी. तिन्ही उंचीवर कोन सारखा, म्हणजे उन्हाचा प्रश्नच नाही; पाया फिरतो आहे. वेग रोज दीड सेकंद. याच वेगाने अकरा-बारा दिवसांत पिवळा इशारा.

इशाऱ्याची वाट पाहिली नाही. दुपारी बैठक बोलावली. एक जण म्हणाला, "अजून ५२ कुठे झालेत?" डिझाइनच्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, थेट उपशाचा आराखडा मागितला.

९ एप्रिल

मनोऱ्याकडच्या निम्म्या उपसा विहिरी बंद. मनोरा आणि भिंत यांच्यामधल्या दोन विहिरींत पाणी परत सोडायला सुरुवात. पुढचं खोदकाम छोट्या पट्ट्यांत, पट्टी खोदली की लगेच टेकू.

१५ एप्रिल

४१ सेकंद. वेग दिवसाला एकापेक्षा कमी. पिझोमीटर दीड मीटर परत चढला. कल मागे आलेला नाही, येणारही नाही. दबलेली माती पाणी परत दिल्याने फारशी फुगत नाही.

मंदावण्याची वेळ बघण्यासारखी आहे. विहिरींत पाणी सोडल्यानंतर पिझोमीटर काही तासांत हलला, कलाचा वेग मात्र दोन दिवसांनी उतरला. चिकणमातीतून पाण्याचा दाब हळू पसरतो. हा उशीर पुढच्या टप्प्याच्या इशाऱ्यांत धरायला हवा: वेगाची मर्यादा अशी ठेवायची की उपाय केल्यानंतरचे दोन दिवसही पिवळ्याच्या आत बसतील. डिझाइनला लिहिलं.

२० मे

तळाचा स्लॅब पूर्ण. मनोरा ४४ सेकंदांवर थांबला, पिवळ्याच्या आत. ओळंब्यावर ९.८ मिमी. इन्क्लिनोमीटरचा सर्वात मोठा फुगवटा १० मीटर खोलीवर १९ मिमी. भेगा: एक जैसे थे, दुसरी ०.१ मिमीने उघडली.

१२ जून

मालकांच्या प्रतिनिधीने विचारलं की माथ्याच्या टिल्टमीटरवर ब अक्ष जानेवारीपासून २८ सेकंद दक्षिणेकडे गेला, त्याबद्दल अहवालात काहीच का नाही. चांगला प्रश्न. तिन्ही पातळ्यांचे आकडे दाखवले: माथ्याला २८, मध्याला १५, तळाला २. उंचीबरोबर वाढतो, म्हणजे वाकणं. सूर्य वर चढला, दक्षिणेच्या भिंतीचा वरचढपणा कमी झाला, हिवाळ्यात उत्तरेकडे ढकललेला मनोरा मागे येतो आहे. तळाच्या दोन सेकंदांवर मात्र मी काही म्हणणार नाही, ते सेन्सरच्या स्वतःच्या चुकीत बसतात.

लॉगर आता तासाला एक वाचन घेईल. इन्क्लिनोमीटर महिन्यातून एकदा, पाणपातळीचं पाणी दर तिमाहीला बघायचं, ओळंब्याच्या टाकीत तेल कमी झालं तर भरायचं आणि येरझारा मोजूनच बंद करायचं. ब अक्षाचं वाचन पुढच्या जानेवारीत या जानेवारीच्या पाच सेकंदांत परत यायला हवं. नाही आलं तर आधी ब्रॅकेट, मग तळाचा टिल्टमीटर पाणपातळीशी ताडून बघायचा, आणि मग मला फोन.